एकट्याचें ताट

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस हंसूं आलें असेल. इतिहासावर बोलणाऱ्या मनुष्यानें लढाया, तहनामे, राज्याभिषेक यांविषयीं बोलावें. निदान एखाद्या पडक्या किल्ल्याविषयीं तरी. तें सोडून हा हातकणंगल्याचा म्हातारा शिक्षक, माणूस एकटा असला म्हणजे काय खातो, हें सांगावयास निघाला आहे! परंतु माणसानें चारचौघांत केलेल्या गोष्टींची नोंद बखरकार ठेवतात. एकांतांत केलेल्या गोष्टींची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. पंगतींचीं वर्णनें आपणांस हवीं तितकीं सांपडतील. एकट्याच्या ताटाकडे मात्र इतिहासानें पाठच फिरविली आहे. त्या ताटाकडे आज थोडा वेळ पाहूं.

प्रथम आपल्या भाषेचीच साक्ष घेऊं. मिळून जेवण्यास मराठींत किती शब्द आहेत! पंगत, मेजवानी, सहभोजन, गांवजेवण, महाप्रसाद. एकट्याच्या जेवणास मात्र एकही चांगला शब्द नाहीं. एकटा मनुष्य 'जेवलों' असें म्हणावयास सुद्धां कचरतो. 'कांहींतरी खाऊन घेतलें', 'पोटाला आधार केला', 'दोन घास ढकलले', अशीं वाक्यें तो बोलतो, जणूं कांहीं चोरीच केली आहे! या संकोचाचें मूळ फार जुनें आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील ११७ व्या सूक्तांत एकट्यानेंच खाणाऱ्याचा निषेध केला आहे, आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायांतही केवळ स्वतःसाठीं शिजविणाऱ्यास पापाचा वाटेकरी ठरविलें आहे. जुन्या घरांतून गाईचा घास व कावळ्याचा घास काढून ठेवल्याशिवाय यजमान जेवावयास बसत नसे. म्हणजे ज्याच्या घरीं दुसरें कोणी नाहीं, त्यानेंही निदान पांखरांना तरी वाटेकरी करून घ्यावें, असा तो संकेत होता.

आमच्या तालुक्यांत याहून निराळें एक उदाहरण डोळ्यांसमोर असतें. कुंभोजनजीक बाहुबलीचा डोंगर आहे. तेथें येणारे दिगंबर जैन मुनि दिवसांतून एकदांच, उभें राहून, हाताच्या ओंजळींत आहार घेतात. त्यांना घर नाहीं, भांडें नाहीं, उद्यांसाठीं राखून ठेवलेला घास नाहीं. परंतु तो आहार एकांतांत होत नाहीं. श्रावक कुटुंब भोंवतीं उभें राहून तो ओंजळींत घालीत असतें. ज्यानें सर्वसंगपरित्याग केला, तोही खातांना एकटा नसतो. एकट्यानें खाण्याची पाळी येते ती तुम्हांआम्हां संसारी माणसांवर.

ही पाळी पूर्वीं मुख्यतः प्रवासी व शिपाई यांवर येई. थोरल्या बाजीरावाविषयीं एक आख्यायिका ग्रँट डफनें आपल्या १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासांत दिली आहे. बाजीराव प्रथम ज्या स्थितींत दृष्टीस पडेल त्याच स्थितींत त्याचें चित्र काढावें, असें निजामानें आपल्या चिताऱ्यास सांगितलें होतें. चिताऱ्यानें आणलेलें चित्र असें होतें: बाजीराव घोड्यावर बसला आहे, लगाम सैल सोडला आहे, भाला खांद्यावर टेकला आहे, आणि तो दोन्ही हातांनीं जोंधळ्याचीं कणसें चोळून दाणे तोंडांत टाकीत चालला आहे. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, तींतलें जेवण खरें आहे. आमच्या पंचगंगेकांठच्या शेतांतून जोंधळा हुरड्यास आला म्हणजे एकटा राखणदार आजही तसेंच खातो. ताट नाहीं, चूल नाहीं. तळहात हेंच जातें आणि तळहात हेंच ताट.

येथें चुलीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण एकट्याच्या जेवणाचा सारा विचित्रपणा तिच्यांतून निघाला आहे. पांच माणसांच्या स्वयंपाकाला जेवढ्या काटक्या लागतात, जवळजवळ तेवढ्याच एका माणसाच्या स्वयंपाकालाही लागतात. धूर तितकाच, डोळ्यांची आग तितकीच, आणि मागाहून घासावयाचीं भांडींही थोडींथोडकीं नाहींत. म्हणून एकटा मनुष्य तीन वाटा शोधीत आला आहे. पहिली, विस्तवच न लावतां खावें: चुरमुरे, दडपे पोहे, ताकांत कुस्करलेली भाकरी, बुक्कीनें फोडलेला कांदा, कच्च्या तेलांत कालवलेली चटणी. दुसरी, विस्तव एकदांच लावावा आणि सर्व कांहीं एकाच भांड्यांत शिजवावें: खिचडी, कण्या, हुलग्याचें माडगें, किंवा निखाऱ्यांवर भाजलेले गाकर. तिसरी वाट, कालच्या उरलेल्या अन्नाला आज नवा जन्म द्यावा. कोंड्याचा मांडा करणें म्हणतात तें हेंच. आपण एकटेपणीं जे चमत्कारिक पदार्थ करतों ते सगळे तपासून पाहा. या तीन वाटांपैकीं एकीवर त्यांचें पाऊल सांपडेलच.

मराठी पाकशास्त्राच्या पुस्तकांना या वाटांचें फारसें अगत्य नव्हतें. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ सालीं निघालें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' १९१० सालीं. आणि कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० सालीं. तिन्ही पुस्तकें थोर आहेत. 'रुचिरे'नें तर वाटी व चमचा हीं घरगुती मापें देऊन कित्येक नवख्या संसारांना हात दिला. परंतु हीं पुस्तकें घरासाठीं लिहिलेलीं, भरल्या घरासाठीं लिहिलेलीं. रात्रीं नऊ वाजतां खोलीचें कुलूप काढणाऱ्या एकट्या जिवाकडे पाहून त्यांचा संसार मांडलेला नाहीं.

त्या जिवाची काळजी पाकशास्त्रापेक्षां यंत्रशास्त्रानेंच अधिक वाहिली. स्वीडन देशांत फ्रान्स लिंडक्विस्ट यानें १८९२ सालीं काजळी न धरणारा रॉकेलचा प्रायमस स्टोव्ह काढला. तो पुढें आपल्याकडे आला आणि चाळींतल्या एका खोलींत, खिडकीशेजारीं, एका माणसाचा स्वयंपाक करतां येऊं लागला. बंगालमध्यें डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० च्या सुमारास 'इकमिक कुकर' तयार केला. डब्यावर डबा, खालीं कोळशाची लहानशी शेगडी. भात, वरण, भाजी एकदम वाफेवर शिजावयाचीं आणि मालकानें तोंवर आपल्या कामास लागावयाचें. एकट्या मनुष्याकडे ब्रह्मचारी म्हणून हंसण्याऐवजीं गिऱ्हाईक म्हणून पाहणारें हें यंत्र होतें.

परदेशीं गेलेल्या माणसांची गोष्ट आणखी वेगळी. मोहनदास गांधी १८८८ पासून १८९१ पर्यंत लंडनमध्यें बॅरिस्टरीसाठीं होते. खर्च कमी करण्याकरितां त्यांनीं एकच खोली घेतली, एक स्टोव्ह विकत घेतला, आणि सकाळीं ओटची लापशी व कोको, संध्याकाळीं पाव व कोको, असा क्रम ठेवला. हें त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत मोकळेपणानें सांगितलें आहे. पुढें जगाला आहाराचे प्रयोग शिकविणाऱ्या पुरुषाचा पहिला धडा असा एका खोलींतल्या स्टोव्हवर झाला.

त्याच्याही आधीं, १८८३ सालीं, कल्याणची एक अठरा वर्षांची मुलगी वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस गेली होती. आनंदीबाई जोशी यांनीं फिलाडेल्फियाच्या थंडींतही आपला शाकाहार सोडला नाहीं. त्यामुळें अभ्यास आटोपून स्वतःचें अन्न स्वतः शिजवावें लागे. खोलींतली शेकोटी नीट बांधलेली नव्हती. ती पेटविली कीं खोलीभर धूर होई आणि विझविली कीं थंडीनें हातपाय गारठत. धूर कीं थंडी, एवढीच निवड त्यांच्या हातीं होती. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली. त्यांची नेमणूक झाली ती आमच्या कोल्हापुरास, आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रियांच्या विभागावर; म्हणजे आज ज्याला आपण सी. पी. आर. म्हणतों तेथेंच. परंतु त्या कामावर रुजू होऊं शकल्या नाहींत. क्षयानें २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. धुरांत आणि थंडींत केलेल्या त्या एकट्याच्या स्वयंपाकानें त्यांच्या आयुष्यांतून किती दिवस कापून नेले असतील, हा विचार त्या रुग्णालयावरून जातांना माझ्या मनांत दर वेळीं येतो.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचें नांव येथें घेतलें नाहीं तर इतिहासशिक्षक म्हणवून घेण्याचा मला अधिकार उरणार नाहीं. ऐन तारुण्यांत पत्नी वारली. पुन्हां संसार केला नाहीं. दप्तरें धुंडीत गांवोगांव हिंडत, आणि बरोबरच्या चार भांड्यांत स्वतःच्या हातानें शिजवून खात. १८९८ सालीं त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. त्या खंडांतले कागद आपण वाचतों. त्या कागदांच्या शोधांत संध्याकाळीं कोठल्या तरी ओसरीवर काय शिजत होतें, याचा कागद मात्र नाहीं.

येथपर्यंत सांगितलेलीं माणसें आपल्या इच्छेनें किंवा आपल्या ध्येयासाठीं एकटीं जेवलीं. आतां ज्यांना इतरांनीं एकटें पाडलें त्यांच्याकडे वळलें पाहिजे, कारण तो भाग टाळला तर हें भाषण केवळ करमणूक होईल.

१९०१ च्या सुमाराची गोष्ट. साताऱ्याहून चार मुलें आगगाडीनें निघून मसूर स्टेशनावर उतरलीं. त्यांतलें एक मूल म्हणजे भीमराव आंबेडकर. वडील दूर तलावाच्या कामावर नोकरीस होते. त्यांच्याकडे तीं निघालीं होतीं. मुलें महार आहेत हें कळतांच गाडीवाले गाडी देईनात. दुप्पट भाडें कबूल केल्यावर एकानें दिली, पण गाडी मुलांनींच हांकावयाची. जवळ घरून दिलेलें जेवण भरपूर होतें. परंतु वाटेंत कोणी पिण्यास पाणी देईना, आणि पाण्यावांचून घास उतरेना. ती रात्र त्या मुलांनीं अन्न जवळ असून उपाशी काढली. बाबासाहेबांनीं हा प्रसंग पुढें स्वतः लिहून ठेवला आहे. मसूरवरून जाणारा लोहमार्ग मिरजेस येतो, आणि मिरजेहून निघणारा कोल्हापूरचा फांटा, जो १८९१ सालीं सुरू झाला, तो आमच्या हातकणंगल्यावरून जातो. शाळेंत हा प्रसंग शिकवितांना मी मुलांना नकाशावर तो मार्ग बोटानें दाखवीत असे. बोट मसूरवर थांबलें कीं वर्गांतली कुजबूज आपोआप थांबे.

त्याच १९०१ सालीं, १८ एप्रिल रोजीं, राजर्षि शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली. पुढें निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठीं एकामागून एक वसतिगृहें उभीं राहिलीं. त्यांची थोरवी सांगतांना आपण शिक्षणाचें नांव घेतों, आणि तें योग्यच आहे. परंतु खेड्यांतून शहरांत शिकावयास आलेल्या मुलापुढें पहिला प्रश्न पुस्तकाचा नसतो. दुपारीं कोठें जेवावयाचें, हा असतो. तो सुटला नाहीं तर मुलगा आठवड्याची भाकरी फडक्यांत बांधून आणतो, ती वाळली कीं पाण्यांत भिजवून खातो, आणि तीही संपली कीं गांवीं परततो. महाराजांनीं त्या मुलांना छप्पर दिलें, तशीच पंगतही दिली. आमच्या तालुक्यांतील कुंभोज येथें १८८७ सालीं जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं तर त्यापुढचें पाऊल टाकलें. रयत शिक्षण संस्था १९१९ सालची. साताऱ्याचें त्यांचें बोर्डिंग १९२४ चें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवीत.

आणि मार्च १९२० मध्यें माणगांवची परिषद झाली. माणगांव तेव्हां कागल जहागिरींत होतें. आज आमच्या तालुक्यांत आहे. परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर, आणि व्यासपीठावर शाहू महाराज. महाराजांनीं तेथें आंबेडकरांना त्यांच्या समाजाचा पुढारी म्हणून गौरविलें, हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच भाषणांत महाराजांनीं आणखी एक साधी विनंति केली: जाण्यापूर्वीं रजपूतवाडीच्या आमच्या मुक्कामावर जेवावयास यावें. मसूरच्या वाटेवर पाण्यासाठीं व्याकुळ झालेल्या त्या मुलास एकोणीस वर्षांनीं एक राजा जाहीर सभेंत जेवावयास बोलावीत होता. माझ्या मतें आमच्या तालुक्याच्या इतिहासांत याहून मोठें आमंत्रण झालेलें नाहीं.

एकट्याच्या ताटाची पुढची गोष्ट आमच्या शेजारच्या इचलकरंजींत घडली. तेथें १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला. मागांचा खडखडाट वाढत गेला तशी बाहेरगांवची माणसें येत गेलीं. आधीं आसपासच्या खेड्यांतलीं, मागाहून दूरदूरचीं. रात्रपाळी संपवून आलेला कामगार खाणावळींत जेवतो किंवा खोलीवर येऊन गॅसवर कांहींतरी चढवितो. १९८३ सालीं दोन मिनिटांच्या शेवया आपल्या देशांत आल्या, आणि एकट्या माणसाला एक तयार वाटही मिळाली. परंतु त्या शेवयांतही आमचा कामगार कांदा-लसणाची कोल्हापुरी चटणी घातल्याशिवाय राहत नाहीं. पाकीट परक्याचें, पण चव घरची. एकटा मनुष्य घर विसरत नाहीं, तें तो चिमटीनें बरोबर आणतो.

आतां थोडें माझ्याविषयीं. मी मॅट्रिक झालों, अध्यापनाची पदविका घेतली आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती गगनबावड्याकडच्या एका वाडीवरील एकशिक्षकी शाळेवर. पावसाळ्यांत तेथें लांकूड वाळत नसे आणि माझा वातीचा स्टोव्ह वाऱ्यानें विझत असे. मी तांदूळ, तूरडाळ, बटाटा, कांदा आणि मूठभर शेंगदाणे एकाच पातेल्यांत चटणी घालून शिजवीत असें. तो पदार्थ निवाला कीं त्याचा दगड होई. मुलांनीं त्याला 'मास्तरांचा गोळा' असें नांव ठेविलें होतें. तिसऱ्या दिवसापासून एकेक मूल घरून नाचणीची भाकरी माझ्यासाठीं आणूं लागलें. मीं त्यांना पाढे शिकविले. त्यांनीं मला, शिक्षक उपाशी असला तर शाळा नीट चालत नाहीं, हें शिकविलें.

पुढें संसार झाला. तीस-पस्तीस वर्षें मला स्वयंपाकघरांत पाऊल टाकावें लागलें नाहीं. मी जेवून शाळेस जाई, मुलें जेवून शाळेस जात, आणि सौ. मागाहून जेवी. मागाहून म्हणजे केव्हां, आणि काय, हें मीं कधीं विचारलें नाहीं. ती गेल्यावर, मुलें परगांवीं असल्यामुळें, मी पुन्हां 'एकटा जीव सदाशिव' झालों आणि गगनबावड्याचा तो गोळा पुन्हां शिजूं लागला.

एके दुपारीं शेजारच्या बाई झांकलेली वाटी घेऊन आल्या. शिळ्या भाकरीचे बारीक तुकडे, तेलांत लालसर परतलेल्या लसणांत घोळलेले, वर चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा. आंबट, गोड आणि तिखट, सगळेंच एकदम. मीं विचारलें, "हें काय?" त्या म्हणाल्या, "गुरुजी, वैनी दुपारच्याला ह्येच करून खायच्या की. मला भिंतीवरनं वाटी द्यायच्या. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हतें. पानिपतच्या आदल्या दिवसांत मराठ्यांच्या छावणींत धान्याची काय अवस्था होती, हें मी मुलांना तासभर सांगत असें; आणि माझ्याच घरांत रोज दुपारीं दोन वाजतां काय शिजतें, हें मला ठाऊक नव्हतें. पुरुषांच्या पंगती उठल्यावर आमच्या घरोघरच्या स्त्रिया शतकानुशतकें एकट्याच जेवत आल्या. उरलें तें त्यांनीं खाल्लें. आणि त्या उरलेल्यांतून जें नवें निर्माण केलें तें आम्हांला आवडणार नाहीं, असें समजून कधीं आमच्या ताटांत वाढलें नाहीं. फोडणीची पोळी, फोडणीचा भात, कुस्करा, तव्यावरची खरपुडी हे पदार्थ कोणी राजाच्या मुदपाकखान्यांत शोधून काढलेले नाहींत. दुपारीं दोनच्या त्या एकांतांतूनच ते आले असावेत, असें मला वाटतें. त्यांच्या कर्त्यांचीं नांवें कोणत्याही दप्तरांत सांपडावयाचीं नाहींत.

मी आतां तो पदार्थ स्वतः करतों. अजून साधत नाहीं. कधीं लसूण करपतो, कधीं गूळ अधिक होतो. चुकलेला असला तरी मी त्याची एक वाटी भिंतीपलीकडे देतों, कारण सौ. देत होती.

श्रोतेहो, इतिहासाच्या साधनांविषयीं राजवाड्यांनीं आपणांस पुष्कळ शिकविलें. त्यांतली एक गोष्ट अशी कीं, कागद वाळवीच्या आधीं गांठला पाहिजे. घरांत ज्यांची आई, आजी किंवा पत्नी आज आहे, त्यांना माझी एवढीच विनंति आहे: तुम्ही घरीं नसतां त्या काय करून खातात, हें आजच विचारा. त्या आधीं हंसतील, मग 'कांहीं नाहीं' म्हणतील. तेथें थांबूं नका. पुन्हां विचारा, लिहून ठेवा, आणि जमल्यास एखाद्या दुपारीं तें ताट दोघांनीं मिळून खा.